अनंतापुढे नम्र झालेली बुद्धी : संत थॉमस अक्वायनस

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो असता वडिलांनी मला सहज विचारले की, कॉलेजात तू कोणता विषय शिकतोस. तत्त्वज्ञान, असे मी सांगितले. त्यात काय असते, असे त्यांनी पुन्हा विचारल्यावर मी जग, आत्मा, ईश्वर अशी दोन-चार मोठी नावे घेतली. बैलांपुढे कडबा टाकता टाकता त्यांनी विचारले की, मग तिथे तुम्हांला देव कळतो का? मी निरुत्तर झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. निदान एवढ्या प्रश्नाचे तरी उत्तर मला देता यायला हवे होते, असे राहून राहून वाटू लागले.

पुढील सत्रात पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या तासाला मध्ययुगाचा भाग सुरू झाला आणि माझ्या ध्यानात आले की, जवळजवळ हाच प्रश्न सुमारे आठशे वर्षांपूर्वी इटलीतील एका लहान मुलाला पडला होता. त्या मुलाने आपले सारे आयुष्य या प्रश्नासाठी वेचले. त्याचे नाव थॉमस अक्वायनस. ख्रिस्ती जगत त्यांना संत आणि आचार्य मानते, तर तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी त्यांना ईश्वराच्या अस्तित्वाच्या पाच प्रमाणांमुळे ओळखतात. परीक्षेपुरती ही पाच प्रमाणे आपण पाठ करतो आणि त्या माणसाला विसरून जातो. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

रोम आणि नेपल्स या दोन शहरांच्या दरम्यान अक्वीनो नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच रोक्कासेक्का येथील गढीत १२२५ च्या सुमारास थॉमस यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव लांडुल्फ व आईचे थिओडोरा. घराणे सरदारांचे, मानमरातबाचे. थॉमस हे त्या घरातले धाकटे पुत्र. थोरल्यांनी तलवार घ्यावी आणि धाकट्याने धर्मपीठाकडे जावे, अशी त्या काळच्या सरदार घराण्यांची रीत होती. त्यानुसार पाच-सहा वर्षांच्या थॉमसला मॉन्टे कसिनो येथील बेनेडिक्टाइन मठात ठेवण्यात आले. पुढेमागे तो तेथील मठाधिपती होईल आणि घराण्याचे वजन वाढेल, असा आईवडिलांचा हिशेब होता. त्यांच्या जुन्या चरित्रकारांनी एक आठवण नोंदवली आहे. तो मुलगा मठातील गुरुजींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत असे, की देव म्हणजे काय? उत्तर मिळाले तरी त्याचे समाधान होत नसे.

१२३९ मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि पोप यांच्यातील वैर विकोपाला गेले व मठात सैन्य येऊन बसले. थॉमस यांची रवानगी नेपल्सच्या विद्यापीठात झाली. हे विद्यापीठ त्याच सम्राटाने १२२४ मध्ये स्थापन केले होते. तेथे या कुमाराच्या आयुष्यात दोन गोष्टी आल्या. पहिली म्हणजे ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल. त्याचे अनेक ग्रंथ युरोपला कित्येक शतके अपरिचित होते. ते आता अरबी आणि ग्रीक भाषांतून लॅटिनमध्ये येत होते. त्यांबरोबर इब्न सीना, इब्न रश्द या मुसलमान तत्त्वज्ञांची भाष्येही येत होती. दुसरी गोष्ट म्हणजे डॉमिनिकन भिक्षूंचा संघ. १२१६ मध्ये मान्यता मिळालेल्या या संघाचे लोक स्वतःची मालमत्ता ठेवत नसत, भिक्षेवर राहत, अभ्यास करत आणि गावोगाव प्रवचने करत. थॉमस यांना ही वाट आवडली आणि १२४४ मध्ये त्यांनी या संघाची वस्त्रे अंगावर घेतली.

घरी मोठा गहजब झाला. मठाधिपतीची गादी सोडून मुलाने भिक्षापात्र घ्यावे, हे घराण्याला कसे रुचावे? संघाच्या लोकांबरोबर उत्तरेकडे प्रवास करीत असताना थॉमस यांच्या भावांनी त्यांना वाटेत पकडले आणि घरच्या गढीत आणून ठेवले. सुमारे वर्षभर ते या नजरकैदेत होते. मन वळवण्यासाठी विनवण्या झाल्या, धाक दाखवून झाला. एक सुंदर स्त्रीही त्यांच्या खोलीत पाठवण्यात आली आणि चुलीतले जळते लाकूड हाती घेऊन त्यांनी तिला बाहेर घालवले, अशी कथा आहे. कथेतला अलंकार वगळला तरी त्यांचा निश्चय ढळला नाही, हे खरे. या काळात ते वाचन करीत राहिले. अखेर १२४५ मध्ये घरच्यांनी हार मानली आणि त्यांची सुटका झाली.

तेथून ते पॅरिसला गेले आणि १२४८ मध्ये आपले गुरू अल्बर्ट यांच्याबरोबर जर्मनीतील कोलोन येथे आले. अल्बर्ट हे त्या काळचे सर्वांत मोठे पंडित. वनस्पती, प्राणी, खनिजे यांपासून ईश्वरविद्येपर्यंत सर्व क्षेत्रांत त्यांचा संचार होता. थॉमस अंगाने थोराड, हालचालीने संथ आणि बोलण्यात अगदी मितभाषी होते. वर्गात ते गप्प बसत. त्यामुळे सहाध्यायांनी त्यांचे नाव मुका बैल असे ठेवले. एके दिवशी अल्बर्ट यांनी त्यांना एका कठीण प्रश्नावर सर्वांसमोर उत्तर द्यायला लावले. ते उत्तर ऐकल्यावर, या बैलाचे डुरकणे एक दिवस सगळ्या जगाला ऐकू जाईल, अशा अर्थाचे भाकीत गुरूंनी केले असे सांगतात.

मित्रहो, येथे थोडे विषयांतर करतो, त्याबद्दल क्षमा असावी. आपल्या वर्गांतही शेवटच्या बाकांवर अशी मुकी मंडळी पुष्कळ बसलेली असतात. काहींना विषय कळलेला नसतो. काहींना कळलेला असतो, परंतु पुस्तकी भाषेत कसे बोलावे हे ठाऊक नसते. पहिले वर्षभर मी त्यांतलाच होतो. ज्याच्या घरी गोठा आहे त्याला हे माहीत असते की, बैल डुरकत नाही म्हणून तो कामाचा नाही असे होत नाही. अल्बर्टसारखा गुरू मात्र भेटावा लागतो.

१२५२ मध्ये थॉमस अध्यापनासाठी पॅरिसला परतले. तेथील जुन्या अध्यापकवर्गाला भिक्षुसंघाच्या लोकांनी विद्यापीठात शिकवणे मान्य नव्हते. असा विरोध असतानाही १२५६ मध्ये त्यांना आचार्यपद मिळाले. त्या पदासाठी ठरलेले वयही तेव्हा त्यांनी गाठलेले नव्हते. पुढे सुमारे दहा वर्षे ते इटलीत ओर्व्हिएतो, रोम आदी ठिकाणी राहिले. पुन्हा पॅरिस आणि अखेर १२७२ मध्ये नेपल्स असा त्यांचा प्रवास झाला. एवढ्या अवधीत त्यांनी केलेले लेखन पाहून मती गुंग होते. ॲरिस्टॉटलवरील भाष्ये, बायबलवरील भाष्ये, वादग्रंथ, प्रार्थनागीते असे सर्व प्रकार त्यात आहेत. त्यांचे हस्ताक्षर इतके दुर्बोध होते की ते फार थोड्यांनाच लागे. म्हणून ते लेखनिकांना मजकूर सांगत, आणि एकाच वेळी तीन-चार लेखनिकांना वेगवेगळ्या विषयांवर सांगत असत, अशी त्यांची ख्याती होती.

त्यांच्या तंद्रीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. फ्रान्सचा राजा नववा लुई याच्या पंक्तीला ते एकदा बसले होते. भोवती सरदार-दरकदारांच्या गप्पा चालल्या होत्या. थॉमस यांचे लक्ष मात्र मानी पंथाच्या मतात गुंतले होते. सत् आणि असत् अशी दोन मूळ तत्त्वे हा पंथ मानत असे. एकाएकी त्यांनी मेजावर मूठ आपटली आणि त्या मताचे खंडन करणारा मुद्दा सापडल्याचे मोठ्याने सांगितले. राजाला राग आला नाही. उलट, तो मुद्दा विसरला जाऊ नये म्हणून त्याने लगेच आपला लेखनिक बोलावला.

आता त्यांच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. ख्रिस्ती धर्म ईश्वराला अनंत मानतो. त्याला आदी नाही, अंत नाही, आणि त्याच्या सामर्थ्याला सीमा नाही. माणसाची बुद्धी मात्र सर्व बाजूंनी मर्यादित. मग ही बुद्धी त्याला जाणणार कशी? पूर्णपणे जाणते असे म्हटले तर तो अनंत राहत नाही. मुळीच जाणत नाही असे म्हटले तर प्रार्थना कोणाची करायची आणि त्याला दयाळू म्हणायचे ते कोणत्या आधारावर? या दोन टोकांच्या मधून थॉमस यांनी वाट काढली.

त्यांच्या मते माणसाचे सर्व ज्ञान इंद्रियांपासून सुरू होते. ईश्वर इंद्रियांना दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे थेट जाता येत नाही, त्याच्या कार्यावरून जावे लागते. धूर पाहून आपण अग्नीचे अनुमान करतो, तसेच काहीसे हे आहे. जगात गती आहे, कार्यकारणांची साखळी आहे, असेल-नसेल अशा अनित्य वस्तू आहेत, कमी-अधिक चांगुलपणा आहे, जड वस्तूंच्या वागण्यातही एक रोख आहे. या पाच गोष्टींवरून त्यांची पाच प्रमाणे निघतात. परंतु या प्रमाणांनी काय सिद्ध होते याविषयी ते अतिशय सावध आहेत. ईश्वर आहे एवढे त्यांवरून कळते. तो स्वरूपतः काय आहे हे कळत नाही. म्हणूनच या प्रमाणांनंतर लगेच ते ईश्वर काय नाही याची चर्चा सुरू करतात. तो शरीर नाही, तो भागांचा बनलेला नाही, तो बदलणारा नाही. उपनिषदांतील नेति नेति आपल्याला ठाऊक आहे. त्या वाटेने जाणाऱ्या वाचकाला हे विवेचन परके वाटणार नाही.

तरीही केवळ नकारावर थांबणे त्यांना मान्य नव्हते. बाराव्या शतकातील थोर यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीज यांचे मत असे होते की, ईश्वराच्या स्वरूपाविषयी आपण फक्त नकारार्थीच बोलू शकतो. थॉमस यांना त्यांच्याविषयी आदर होता, पण येथे त्यांनी मतभेद नोंदवला. ईश्वर चांगला आहे असे भक्त म्हणतो तेव्हा तो वाईट नाही एवढेच त्याला म्हणायचे नसते. मग माणूस चांगला आणि ईश्वर चांगला या दोन वाक्यांत चांगला या शब्दाचा अर्थ एकच आहे का? एकच असेल तर ईश्वर एक मोठा माणूस ठरतो. अगदीच वेगळा असेल तर शब्द पोकळ होतो. थॉमस यांचे उत्तर असे की, अर्थ एकही नाही आणि संबंध तुटलेलाही नाही. निरोगी हा शब्द त्यांनी उदाहरणादाखल घेतला आहे. आपणही निरोगी माणूस म्हणतो, निरोगी हवा म्हणतो, चेहऱ्यावरची निरोगी कांती म्हणतो. हवेला प्रकृती नसते, पण ती आरोग्य राखते. कांती ही आरोग्याची खूण असते. शब्द एक, अर्थ वेगवेगळे, पण सर्वांचे नाते एका आरोग्याशी. त्याचप्रमाणे जगातला सर्व चांगुलपणा ईश्वरापासून आलेला असल्यामुळे आपल्या शब्दांना त्याच्याकडे बोट दाखवता येते. तो चांगुलपणा मुळात कसा आहे हे मात्र त्या शब्दांत मावत नाही.

जाणणे आणि कवेत घेणे यांत त्यांनी केलेला फरकही महत्त्वाचा आहे. तो समजण्यासाठी मी एक दाखला मनाशी जुळवला होता. नदीवर ओंजळ भरली तर हातातले पाणी खरोखर नदीचेच असते, पण नदी काही ओंजळीत येत नाही. हा दाखला मी मोठ्या उत्साहाने आमच्या प्राध्यापकांना सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला व विचारले की, नदीचे भाग होतात, पण थॉमस यांच्या मते ईश्वराचे भाग होतात का? मी वरमलो. कारण थॉमस तर म्हणतात की, स्वर्गातील मुक्तात्म्यांना ईश्वराचा एखादा तुकडा दिसत नाही, संपूर्ण ईश्वर दिसतो. तरी तो जितका जाणता येण्याजोगा आहे तितका संपूर्णपणे ते त्याला जाणत नाहीत. माझा दाखला अर्ध्या वाटेवर लंगडा पडला. पण मग वाटले, थॉमस यांना हेच तर सांगायचे होते. दाखले काही अंतर चालवतात आणि पुढे थांबतात.

बुद्धी थांबते तेथे, ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे, ईश्वर स्वतः पुढे येतो. ईश्वर एक असून त्रिविध आहे, तो ख्रिस्ताच्या रूपाने मनुष्य झाला, या गोष्टी तर्काने कोणालाही शोधून काढता येणार नाहीत, असे थॉमस स्पष्टपणे सांगतात. त्या ईश्वराने प्रकट केल्या म्हणूनच कळल्या. माणसाला अनंतापर्यंत चढता येत नाही, म्हणून अनंतच माणसाच्या मापात उतरला, असा या श्रद्धेचा गाभा आहे. कृपा ही मानवी स्वभावाला मोडीत काढत नाही, पूर्ण करते, असे त्यांचे मत होते. त्यामुळे श्रद्धा आली म्हणून बुद्धीला रजा देण्याचे कारण त्यांना कधीच वाटले नाही.

याच संदर्भात त्यांनी मांडलेला एक विचार मला सर्वांत जवळचा वाटतो. ईश्वराविषयी ज्या थोड्या गोष्टी तर्काने कळू शकतात, त्याही ईश्वराने का प्रकट कराव्यात? त्यांचे उत्तर असे की, नाही तर त्या फारच थोड्या लोकांना, फार उशिरा आणि चुकांसकट कळल्या असत्या. सर्वांनाच अभ्यास झेपत नाही आणि पुष्कळांना पोटापाण्याच्या व प्रपंचाच्या व्यापातून सवड मिळत नाही. सरदारपुत्र असूनही या माणसाला राबणाऱ्यांची आठवण होती. देव जर केवळ सवड असलेल्या विद्वानांनाच मिळणार असेल तर तो देव कसला, हा प्रश्न त्या विवेचनामागे मला ऐकू येतो.

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे सुम्मा थिऑलॉजिए, अर्थात ईश्वरविद्येचा सारसंग्रह. रोममध्ये १२६५ च्या सुमारास त्यांनी तो लिहावयास घेतला, तोही नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी. पाचशेवर प्रश्न आणि अडीच हजारांवर प्रकरणे असलेला हा ग्रंथ पाहिल्यावर त्या काळचे नवशिके काय तयारीचे असतील असे वाटते! त्याची मांडणी आपल्या पूर्वपक्ष-उत्तरपक्ष पद्धतीची आठवण करून देते. प्रथम प्रश्न, नंतर प्रतिपक्षाचे आक्षेप, मग स्वतःचे उत्तर आणि शेवटी एकेका आक्षेपाचे समाधान. ईश्वर आहे का, या प्रश्नाखाली त्यांनी दोन आक्षेप दिले आहेत. जगात दुष्टता आहे, मग अनंत चांगला ईश्वर कसा असेल? आणि निसर्ग व मानवी इच्छा यांनी सर्व गोष्टींचा उलगडा होत असेल, तर ईश्वर मानण्याची गरज काय? आजचा नास्तिकही याहून जोरदार आक्षेप क्वचितच घेईल. प्रतिपक्षाला दुबळे करून जिंकण्याची त्यांना हौस नव्हती.

नेपल्समध्ये १२७३ च्या सुमारास त्यांनी सामान्य लोकांपुढे, लॅटिन बाजूला ठेवून, लोकांच्या बोलीत प्रवचने केली. त्यांत त्यांनी सांगितले की, आपली बुद्धी इतकी तोकडी आहे की एका माशीचे स्वरूपही कोणा तत्त्वज्ञाला पुरते उलगडलेले नाही. मग ईश्वराविषयी सर्व कळलेच पाहिजे असा हट्ट कशाला? श्रद्धा असलेल्या एखाद्या म्हातारीला ईश्वराविषयी जे कळते ते प्राचीन तत्त्वज्ञांनाही कळले नव्हते, असेही ते म्हणाले. हे म्हणणारा मनुष्य स्वतः त्या युगाचा सर्वांत मोठा तत्त्वज्ञ होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

त्याच वर्षी ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या सणाच्या दिवशी, ते पहाटेची मिस्सा करीत होते. तेथे त्यांना काहीतरी झाले. काय, ते त्यांनी उलगडून सांगितले नाही. मात्र त्या दिवसापासून त्यांनी लेखन बंद केले. सोबती व लेखनिक रेजिनाल्ड यांनी पुन्हा पुन्हा आग्रह केला. तेव्हा, आपल्याला जे दिसले त्यापुढे आजवरचे सारे लेखन आपल्याला काडीकचऱ्यासारखे वाटते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. सुम्मा अपुरा राहिला तो राहिलाच. या मौनाबद्दल अनेक तर्क झाले. कोणी त्याला साक्षात्कार म्हणतात, कोणी अतिश्रमाने आलेले आजारपण म्हणतात. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकेल. पण त्यांनी आपले ग्रंथ जाळून टाकले नाहीत, की ते खोटे आहेत असे सांगितले नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. शिडी चढून गेलेल्या माणसाला शिडी लहान दिसावी, तसे ते झाले असावे.

पुढे पोप दहावे ग्रेगरी यांच्या बोलावण्यावरून ते फ्रान्समधील लिआँ येथील धर्मपरिषदेला निघाले. वाटेत झाडाच्या फांदीवर डोके आपटून त्यांना इजा झाली व प्रकृती ढासळली. फोस्सानोव्हा येथील मठात त्यांना नेण्यात आले. तेथे ७ मार्च १२७४ रोजी त्यांचे देहावसान झाले. वय सुमारे एकोणपन्नास.

मृत्यूनंतरही विरोध संपला नाही. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपांनी २१९ मते निषिद्ध ठरवली. त्यांतील काही थॉमस यांच्या मतांना भिडणारी होती. तथापि १३२३ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी त्यांना संतपद दिले आणि दोनच वर्षांनी पॅरिसमधील तो निषेध त्यांच्यापुरता मागे घेण्यात आला. १५६७ मध्ये त्यांना धर्मसभेचे आचार्य म्हणून गौरवण्यात आले. १८७९ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्यांच्या विचारांचा अभ्यास नव्याने सुरू करण्याचे आवाहन केले. २०२४ मध्ये त्यांच्या निधनाला साडेसातशे वर्षे पूर्ण झाली. मुक्या बैलाचे डुरकणे खरोखरच दूरवर गेले.

त्यांची सर्व प्रमाणे निर्दोष आहेत असे मी म्हणत नाही. ह्यूम, कांट यांनी या जातीच्या युक्तिवादांवर घेतलेले आक्षेप आपण अभ्यासतोच. परंतु बुद्धी शेवटपर्यंत वापरावी आणि तिची सीमा आली की ती प्रामाणिकपणे मान्य करावी, हा त्यांच्या जीवनाचा धडा आस्तिकालाही घेता येईल आणि नास्तिकालाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुन्हा गावी जाईन. वडील कदाचित तो प्रश्न विसरलेही असतील. मी मात्र स्वतःहून विषय काढणार आहे. इटलीतल्या एका मोठ्या पंडिताची गोष्ट त्यांना सांगेन. त्याला मुका बैल म्हणत, हे ऐकून ते हसतील. देव पुरता कळत नाही, पण अगदीच कळत नाही असेही नाही, आणि तो कळायला कॉलेजात जावेच लागते असे त्या पंडितालाही वाटत नव्हते, एवढे मी त्यांना सांगेन. मग कॉलेजात जायचे कशाला, असे ते विचारतील. त्याचे उत्तर शोधायला माझ्या हाती अजून एक वर्ष आहे.